पडद्यावरची कमान

रावजी पेडणेकर हा आखातातल्या मनामा शहरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, मूळचा सावंतवाडीकडचा. हात असा की दुकानदार त्याच्यासाठी खोळंबून राहायचे, आणि तोंड असं की काम झाल्यावर भांडूनच जायचे. सत्त्याहत्तर साली तिथल्या गुदैबिया भागातल्या मराठी मंडळाने गणपतीमागचा पडदा त्याच्यावर सोपवला. दरवर्षीसारखा फोटो बघून शनिवारवाडा काढायचा, एवढंच काम.

पण त्याच उन्हाळ्यात एका गोऱ्या साहेबाचं ऑफिस रंगवताना त्याने भिंतीवर एक जुनं विलायती चित्र पाहिलं होतं. समुद्र, पडक्या कमानी, देवळासारखे खांब, खाली धुणं वाळत घालणाऱ्या बायका. हे गाव कुठलं, असं त्याने विचारलं. साहेब म्हणाला, कुठलंच नाही. चित्रकाराने चार गावच्या इमारती उचलून एका किनाऱ्यावर उभ्या केल्यात. रावजी खुळावलाच. असं चालतं होय! आणि इथे त्याच्या बायकोला, शेवंतीला, आणि दोन पोरींना व्हिसा मिळत नव्हता. मजुराला बायकापोरं आणता येत नाहीत. पुढे बघू, इंशाल्ला, म्हणून जो तो हात झटकायचा.

मग काय, शनिवारवाडा राहिला बाजूला. पडद्यावर मनामाच्या बाजाराची मोठी कमान उभी राहिली, अलीकडे शेजारच्या मुहर्रक बेटावरच्या घरांचे, वारा खाली घरात ओढणारे मनोरे, आणि कमानीपलीकडे थेट रावजीच्या गावची दीपमाळ, माड, घराची पायरी. कमानीतून शेवंती येत होती, डोक्यावर टोपली घेऊन.

मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याची भारी धास्ती. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पडदा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. दीपमाळेशेजारी बाजाराची कमान? असं गाव जगात नाही, लोक हसतील. कमान पुसा, नाहीतर पडदा उतरवून साटीन लावतो, असं त्यांनी बजावलं. रावजीचं टाळकंच सणकलं. शिडीवरून न उतरताच तो म्हणाला,

“साहेब, तुमची बायको विमानातून आली. कमान पुसली तर माझी येतली खंयसून?”

रावजीने उत्तराची वाटही पाहिली नाही. डब्यात ब्रश बुडवला आणि शेवंतीच्या मागे, त्याच कमानीत, दोन्ही पोरींना उभं करायला घेतलं.