सातची घंटा

बाबा गेल्यावर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. माणसं पांगली आणि मग मला कळलं की बाबांची घंटा सरकते आहे.

घंटा म्हणजे गोल बाजारातून आणलेला स्टीलचा डबा, आत बेल आणि एक चिप. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. रिटायर झाल्यावर हातांना चैन पडेना, तेव्हा माझ्याकडून चिपमध्ये प्रोग्राम लिहायला शिकले. मी कॉलेजात तेच शिकवते. आईच्या शुगरच्या गोळीसाठी त्यांनी ही घंटा केली. संध्याकाळी सातला तीन ठोके पडायचे, आई गोळी घ्यायची आणि लगेच दोघं जेवायला बसायची.

आता ती सातला वाजत नव्हती. रोज चार-पाच मिनिटं अलीकडे येत होती. साडेसहा, सहा, पाच. बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत अवेळी ते तीन ठोके पडले की माझ्या अंगावर काटा यायचा. ज्यानं केली तो माणूस राहिला नाही आणि वस्तू आपल्या मनानं चालते आहे, हे मला सहनच होत नव्हतं. आई मात्र ठोके पडले की उठून गोळी घ्यायची. जेवायची रात्री, भूक लागेल तेव्हा.

"आई, घड्याळ पाहून घेत जा ना गोळी."

"त्याईची घंटी आहे. वाजली का घेतो मी."

एक दिवस घंटा साडेचारला वाजली. सहाच्या सुमारास मी कॉलेजातून आले तर आई ओट्याखाली बसलेली, घामानं चिंब, तोंडातून शब्द फुटेना. साखर चारली तेव्हा ती शुद्धीवर आली. गोळीनंतर लगेच जेवण का नाही म्हणून डॉक्टर माझ्यावर ओरडले, आणि मी घरी येऊन त्या डब्यावर चिडले. डब्यावर, म्हणजे खरं तर बाबांवर.

रविवारी डबा भिंतीवरून उतरवला. मागच्या बाजूला पितळेची एक घुंडी होती. घंटा बंद करायची असेल, असं म्हणून मी तिकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. चिपमध्ये लिहायचं यंत्र कॉलेजात कुलूपबंद होतं, पण माझ्याकडे तळहाताएवढा संगणक होता. त्याच्या पिनांनाच चिप जोडता येते. बोलायची एक तार, ऐकायची एक, ताल धरायची एक, आणि चौथी चिपला थोपवून धरणारी. वीज त्याच संगणकाची. चिपनं आपला प्रकार बरोबर सांगितला. जिवंत होती.

मग आतला प्रोग्राम वाचायला घेतला. पडद्यावर उमटलं शून्य शून्य, एक एक, दोन दोन, तीन तीन. शेवटपर्यंत तेच. बाबांनी चिपला कुलूप घातलं होतं, आणि कुलूप असलेली चिप विचारलं की असंच काहीतरी मोजत बसते. रेल्वेची सवय. काम झालं की पेटीला कुलूप आणि कुलपावर सील, मग पेटी स्वतःच्या घरातली का असेना. त्यांच्या लॅपटॉपची डिस्क केव्हाच गेली होती. बाबांनी लिहिलेलं जे काही होतं ते फक्त या चिपमध्ये होतं, आणि ते वाचता येत नव्हतं. फक्त पुसता येत होतं.

पुसायची आज्ञा टाइप केली आणि थांबले. मग आईचा तो ओट्याखालचा चेहरा आठवला आणि एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं पुसलं गेलं.

नवा प्रोग्राम लिहिला. वेळ पळू नये म्हणून चिपच्या शेजारी मनगटी घड्याळात असतो तसा क्रिस्टल बसवला. तीन ठोके बाबांसारखेच ठेवले. संध्याकाळी बरोबर सातला ते पडले, आईनं गोळी घेतली, मी गरम भाकरी वाढली. मला फार बरं वाटलं. अर्धी भाकरी झाल्यावर आईनं विचारलं, "मांगची घुंडी आता दाबा लागत नाही?"

"ती कशाला?"

"हे दाबत होते ना. रोज सात वाजता, टीव्हीतलं घड्याळ पाहून. मंग बरोबर चाले."

मी घास ताटात ठेवला. काही पुसायची गरजच नव्हती. एक घुंडी दाबायची होती.

"मंग तू मले सांगितलं काहून नाही? मरता मरता वाचली तू!"

आईनं ताटाकडे पाहत भाकरीचा तुकडा मोडला. "दाबली असती तर जागीच थांबले असते ते. रोज थोडे थोडे अलीकडे येऊन राहिले होते. मले वाटे, माह्याकडंच येऊन राहिले."

घंटा आता रोज सातला वाजते. एक मिनिटही अलीकडे येत नाही.