हिल्डाबाई गोड बोलल्या तेव्हा

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टर लिहून देतात. पण त्या घशाखाली उतरतात हिल्डाबाईंच्या धाकाने. एका संस्थेच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून केस पिकेपर्यंत त्या वस्तीत फिरल्या. रक्तदाबवाल्याच्या ताटात खारं दिसलं की ताटच उचलायच्या. गोळी चुकवणारीचा उद्धार तर तिच्या माहेरापर्यंत.

यंदा संस्थेने नियम काढला: परीक्षा देऊन नोंदणीचा बिल्ला मिळवेल, त्यानेच वस्तीत जायचं. लेखी परीक्षा हिल्डाबाई पास झाल्या. राहिलं प्रात्यक्षिक: परीक्षकासमोर एका रुग्णाशी 'सौम्य, आदरयुक्त संवाद'. नापास झाल्या तर काम बंद.

परीक्षक चिराग सर वाळत घातलेल्या बोंबलांजवळ खुर्ची टाकून बसले. समोर मालू, हिल्डाबाईंची बालमैत्रीण आणि गोळ्यांच्या बाबतीत गावातली सर्वांत बेइमान रुग्ण.

हिल्डाबाईंनी घसा साफ केला. "नमस्कार, मालूताई. आपली तब्येत कशी आहे? आपण गोळ्या वेळेवर घेता ना?"

मालूचा चेहरा पडला. हिल्डाबाई इतक्या गोड बोलतात त्या फक्त मयताच्या घरी.

"हिल्डे, खरं सांग. रिपोर्टात काय आलंय?"

"काही नाही, ताई. आपण काळजी करू नये."

"मेले गं मी! फादरला बोलवा, मरणाचं शेवटचं तेल लावू दे!"

"गप बस, म्हशी!" हिल्डाबाई कडाडल्या. "गोळी गिळायला नको आनि मरायची घाई! मी तुझ्या मयताला येनार नाय, सांगून ठेवते!"

मालूने डोळे पुसले. "हां. आता जिवात जीव आला."

चिराग सर म्हणाले, "बाई, हे चालणार नाही. दुसऱ्या रुग्णाशी सौम्यपणे बोलून दाखवा, नाहीतर नापास."

"नाय बोलनार. मी गोड बोलले तर ह्या बाया शवपेटीचा भाव काढतील. लिवा नापास. बिल्ला नसला तरी उद्या मी इथंच असनार."

"आनि तिचं काम बंद केलंत," मालू म्हणाली, "तर आमाला ओरडायला तुमी यायचं, सर. रोज."

आजूबाजूच्या बाया मासळीच्या पाट्या खाली ठेवून जवळ सरकल्या. सरांनी पेन दोनदा उघडलं, मिटलं.

"मालूबाई, आजची गोळी घेतलीत?"

मालूने भेदरून हिल्डाबाईंकडे पाहिलं, कमरेच्या पिशवीतून गोळी काढली आणि पाण्याचीही वाट न बघता गिळली.

सरांनी कागदावरचे 'सौम्य, आदरयुक्त' हे शब्द खोडले, शेजारी सही केली आणि लिहिलं: 'संवाद परिणामकारक. उत्तीर्ण.'

बिल्ला गळ्यात पडल्यावर बाई निवळल्या असतील, असं ज्याला वाटत असेल, त्याने रक्तदाब घेऊन पाचूबंदरला जावं आणि ताटात खारं वाढून घ्यावं.