शमीमचा हेवा

विमानात बसली की शमीम आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारायची आणि म्हणायची, "तू आपली रिकामीच ऱ्हा." मग पट्टा लावायची. आम्हा बाकीच्या शिकाऊ पायलटांना मोठ्या एअरलाइनची स्वप्नं पडत. डोक्यावर टोपी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, विमानतळावर मागं वळून बघणारी माणसं. शमीमला यातलं काहीच नको होतं. तिला एकटीनं विमान उडवायचं होतं आणि त्याचाच रग्गड पगार घ्यायचा होता. "दोघांनी मिळून काय उडवायचं? बैलजोडी हाय व्हय?" असं ती सगळ्या हँगरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायची. हळू बोलणं तिला जमतच नव्हतं.

ती कुरुंदवाडची. तिचे अब्बा बाजारपेठेतल्या छोट्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. मी गडहिंग्लजचा, वडिलांची ट्रॅक्टरची एजन्सी. परराज्यातल्या त्या फ्लाइंग स्कूलमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातले आम्ही दोघंच, त्यामुळं पहिल्याच दिवशी गट्टी जमली. आमच्याकडच्या कितीतरी मुलींसारखी ती "मी येतो, मी जातो" असंच बोलायची. पुण्याच्या दोघी मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. शमीम म्हणायची, "हसा की! इमान काय बाई-गडी बगून उडतंय?"

माझा हेवा नेमका कधी सुरू झाला, ते मला पक्कं आठवतं. एके सकाळी सर तिच्या विमानातून खाली उतरले, दार लावलं आणि हातानंच 'जा' म्हणाले. पहिली सोलो. ती धावपट्टीवरून उठली, मैदानाला एक फेरी मारली आणि विमान असं अलगद टेकवलं की सर नुसते हसले. पहिल्या सोलोनंतर अंगावर बादलीभर पाणी ओतायची तिथली पद्धत होती. बादली माझ्याच हातात होती. मी पाणी ओतलं नाही, फेकलं, अगदी तोंडावर. ती डोळे पुसत म्हणाली, "लई जोर काढलास की रं विज्या!" माझी सोलो त्यानंतर महिन्यानं झाली. तोवर दोन वेळा सरांनी मला 'अजून तयार नाहीस' म्हणून परत बसवलं होतं.

लायसन दोघांना एकदमच मिळालं आणि दोघंही घरी येऊन बसलो. एअरलाइनच्या भरतीची वाट बघत मी वडिलांच्या एजन्सीत बसू लागलो. शमीमनं मात्र एक वही केली. जगात कुठं कुठं एकटा पायलट विमान उडवतो आणि त्याला पगार बरा मिळतो, हे ती शोधून शोधून त्यात लिहायची. जंगलातल्या कॅम्पवर पर्यटक पोचवणं, दूरच्या वस्त्यांना टपाल नेणं, नकाशासाठी जमिनीचे फोटो काढणं, शेतावर औषध फवारणं. एकदा एसटीनं गडहिंग्लजला आली आणि वही माझ्या टेबलावर उघडून म्हणाली, "आफ्रिकेत, बोट्स्वानाला जायचं. तिथं दारात जाऊन उभं ऱ्हायलं की काम देत्यात म्हणं. चल की!"

मी म्हणालो, "एवढं शिकून टेम्पो चालवायचा?"

"टेम्पो तर टेम्पो. स्टेरिंगवर आपुन एकटं हाय का न्हाय, त्ये बग."

मी गेलो नाही. ती गेली. तिथं एका बाईंची छोटी विमान कंपनी होती. शमीमनं चार महिने त्यांची विमानं धुतली, पर्यटकांच्या बॅगा उचलल्या, तिथलं लायसन काढलं. मग त्यांनी तिला विमान दिलं. ती हत्तींच्या कळपांवरून उडायची आणि मातीच्या पट्टीवर उतरण्याआधी खाली हरणं नाहीत ना, हे बघायला एक फेरी मारायची. हे सगळं ती फोनवर सांगायची आणि मी "वा, वा" म्हणत ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकाच्या कडेला रेघोट्या ओढत बसायचो.

काही वर्षांनी ती ऑस्ट्रेलियात फवारणीच्या कामावर गेली. तिथं निवड कशी झाली, तेही तिनंच सांगितलं. मुलाखतीच्या दिवशी विमानाच्या एका पंखाखालून फवारा नीट पडत नव्हता आणि मालक वैतागला होता. हिनं विचारलं, "मी बघू का?" आणि फवाऱ्याचं नोजल खोलून त्यातली झिजलेली चकती त्याच्या हातावर ठेवली. "अब्बाच्या दुकानात मी झोपेत पन नोजल खोलायचो. मालक म्हनला, उद्यापास्नं ये." तिनं विमानाचा फोटो पाठवला. पिवळं, लांब नाकाचं विमान. खाली लिहिलं होतं, 'ह्याला दुसरी खुर्चीच न्हाय!' पगारही सांगितला. आकडा मी इथं लिहीत नाही. तो ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि दुपारभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो, एवढं पुरे.

त्याच महिन्यात कामानिमित्त मी कुरुंदवाडला गेलो होतो. अब्बांच्या दुकानात डोकावलो. त्यांनी चहा मागवला, लेकीचा फोटो दाखवला आणि सहज विचारलं, "विजयराव, तुमी बी पायलट. ह्या कामात धोका हाय का हो?"

'काळजी करू नका, शमीम हुशार आहे' एवढं म्हणून मला उठता आलं असतं. पण मी खुर्ची पुढं ओढली. विमान किती खालून न्यावं लागतं, विजेच्या तारा कशा अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत, फवारणीवाले पायलट कसे मरतात, सगळं सांगितलं. यातलं काहीही खोटं नव्हतं. अब्बांच्या हातातला कप तसाच राहिला. आणि त्यांचा चेहरा उतरताना बघून मला बरं वाटत होतं.

आठवड्यानं तिचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलत होती.

"अब्बा जेवंनात. परत ये म्हंत्यात. काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून खरं ते सांगितलं."

"खरं सांगितलंस, व्हय. पर कशापायी सांगितलंस, त्ये मला ठावं हाय."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. तिनं अब्बांना तिकडं बोलावून घेतलं, महिनाभर रोज धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं आणि आपलं काम दाखवलं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. अब्बा परत आले ते छाती पुढं काढून.

मग एक दिवस बातमी आली की शमीम कायमची घरी आली आहे. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पण पूर्वीची नजर आली नाही. ऐकल्याबरोबर माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. सुटलो, असं मला वाटलं. दोनच दिवसांत तिचा निरोप आला, येऊन जा. चेहरा शक्य तितका दुःखी करून मी कुरुंदवाडला गेलो.

"वाईट झालं," मी म्हणालो.

"झालं खरं."

"डॉक्टरांनी नाहीच म्हटलं का?"

"न्हाय. डॉक्टर म्हनला, एका डोळ्यावरबी लायसन ऱ्हातंय, बगू. म्याच नगं म्हनलं. तार किती लांब हाय, त्येचा अंदाज चुकाय लागला हुता. मी कुनाला न सांगता अजून दोन हंगाम काढलं असतं. पर खाली शेतात मानसं असत्यात की रं."

तिच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, हे मला तिथल्या तिथं कळलं.

मग मी म्हणालो, "अब्बांना मी तेव्हा..."

"ऱ्हाऊ दे. त्येच्यासाठी न्हाय बोलावलं." तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "बोट्स्वानाच्या त्या कंपनीवाल्या बाई नवा पायलट हुडकाय लागल्यात. म्या तुझं नाव दिलंय. लायसन बंद पडलं असंल, तर परत चालू कर. वय झालं म्हनू नगंस, मी इचारलंय."

"माझं नाव का दिलंस?"

"तुला बरं उडवाय येतंय म्हनून. दुसरं काय?"

पुढचं वर्ष धावपळीत गेलं. मेडिकल, परीक्षा, पुन्हा शिकाऊ विमानात बसणं. वडील चिडले, बायको घाबरली, मग तीच म्हणाली, जा. माझ्या परीक्षेच्या दिवसांत शमीम रोज सकाळी फोन करून हवामानाचे प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की शिव्या द्यायची.

मी निघालो त्या दिवशी ती कोल्हापूरच्या विमानतळावर आली. काळा चष्मा, हातात डब्यात बांधलेल्या तिखट वड्या. म्हणाली, "पगार झाकून ठेव. गावात कुनाला सांगू नगंस. तुझ्यासारखी मानसं लई असत्यात." आणि मोठ्यानं हसली. चार माणसांनी वळून बघितलं.

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. तिची जागा, तिची धावपट्टी, तिचं आकाश मला मिळणार होतं आणि ती कुरुंदवाडला पंपाच्या दुकानात परत जाणार होती. कुठंतरी तोंड जरा वाकडं होईल, आवाज क्षणभर पडेल, म्हणून मी शोधत होतो. मला इतक्या वर्षांची सवय होती. हेवा कसा दिसतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ती फक्त म्हणाली, "पोचलास की फोन कर. हत्ती दिसलं तर सांग." आणि वळून चालू लागली.

आज मी एकटा विमान उडवतो, पगारही चांगला आहे. शमीमचा हेवा मात्र अजून गेलेला नाही. पूर्वी तो तिच्या विमानाचा वाटायचा.