भाऊंच्या आत्मचरित्रातलं पाणी

डॉक्टरांनी माझी खालची पापणी बोटाने ओढली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "मॅडम, कावीळ है. पक्की." मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न आला, "घरात कोणी प्रेग्नंट आहे का?"

माझी लेक सुजाता बाळंतपणासाठी माझ्याकडे, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आली होती. सातवा महिना होता.

रक्ताचे रिपोर्ट आले. बिलिरुबिन म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, ते वाढलं की डोळे पिवळे होतात. एसजीपीटीवरून लिव्हरला किती मार बसलाय ते कळतं. आणि मला निघाली हेपटायटिस ई, म्हणजे घाण पाण्यातून येणारी कावीळ. "तुम्ही बऱ्या होणार," डॉक्टर म्हणाले, "पण पोटात बाळ असताना ही जिवावर बेतू शकते. पाणी दोघी एकच पीत होता?"

घाण कुठून आली हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. नळाची लाइन गटारातून गेलेली. सकाळची पहिली बादली काळी यायची, नाक धरून ती ओतायची आणि दुसरी भरून माठात घालायची. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि घरी गटार पीत बसले. शी!

सुजातासाठी मात्र मी वेगळं पाणी उकळून ठेवायचे. हॉस्पिटलच्या कॉटवर पडून मी तेवढ्याच एका गोष्टीचा धीर धरला होता. संध्याकाळी तिचा फोन आला, तोही रडत. "आई, ते उकळलेलं कोमट लागायचं गं. दुपारी मी माठातलंच प्यायचे."

जावई तिला त्याच दिवशी बदलापूरला आपल्या घरी घेऊन गेले. ही कावीळ अंगात शिरली तरी दिसायला कित्येक आठवडे लागतात, तोवर रक्त तपासत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ज्यांना ही कावीळ होईल त्यांना सांगते, किळस हाच हिचा खरा त्रास. शेजारच्या पेशंटचा डबा उघडला की फोडणीच्या वासाने मला ढवळायचं. वॉर्डच्या संडासाबद्दल तर बोलायलाच नको. त्यात मला इतिहासाचं वेड म्हणून शाळेतल्या बायका भेटायला येताना आत्मचरित्रं घेऊन आल्या.

पहिलं एका कारखानदाराचं. शून्यातून कंपनी उभी केली म्हणे. सगळं पुस्तक वाचलं, एक कामगार सापडेल तर शपथ! अंबरनाथ एमआयडीसीत माझ्या नवऱ्याचं आयुष्य गेलं, आणि या बाबाच्या कंपनीत मशीन आपोआप फिरत होत्या.

दुसरं पुस्तक खुद्द लेखकानेच आणून दिलं. आमच्या भागातले माजी नगरसेवक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पेशंटना मोसंबी वाटायला आले होते. "बाई, तुम्ही इतिहासवाल्या. आमचं जीवन जरा नजरेखालून घाला," म्हणाले. सिस्टरने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. भाऊंनी तो हातानेच मागे सारला. लगेच त्यांच्या माणसाने पिशवीतून सीलबंद बाटली काढून दिली.

ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं. प्रकरणाचं नाव 'भगीरथ'. आमच्या गल्लीत यांनी घरोघरी गंगा आणली! माझी लेक रोज उठून आरशात स्वतःचे डोळे बघते आहे, आणि हा माणूस गंगा आणतो? तिडीक गेली डोक्यात. मी बेसिनकडे धावले. काविळीमुळे की भगीरथामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

तिसरं पुस्तक पातळ, आमच्याच समाजातल्या एका बाईचं. लहानपणी विहिरीला हात लावायची बंदी. कोणी वरून ओतेल म्हणून घागर घेऊन उन्हात उभी राहायची. ओतणारीच्या अंगावर थेंब उडाला तर शिव्या पडायच्या. माझी आई बौद्ध झाली तेव्हा पोरवयातच होती, तिने खाल्लेल्या अशाच शिव्या मी तिच्या तोंडून ऐकलेल्या. हे पुस्तक वाचताना मात्र मला एकदाही मळमळलं नाही.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना मी पुस्तकांची नावं सांगत बसत नाही. आत्मचरित्र हातात आलं की त्यात पाणी शोधा. कोण भरतं, कुठून आणतं, कोणाला मिळत नाही. हे ज्यात लिहिलंय ते डोळे मिटून घरी न्या. बाकीच्यात नुसते हारतुरे.

सुजाताचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. दर रिपोर्टला माझा जीव टांगणीला लागायचा. माझी कावीळ उतरली, तिला झालीच नाही. बदलापूरला तिला मुलगी झाली, दोघी खणखणीत. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पापणी सोडायच्या आधी ज्यांनी घरातल्या गरोदर बाईची चौकशी केली, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

भाऊंचं पुस्तक मी फेकलं नाही, आमच्या शाळेच्या लायब्ररीला दिलं. तेही जरूर वाचा. 'भगीरथ' प्रकरणात माझा हेपटायटिसचा रिपोर्ट डिंकाने चिकटवलाय, तोही वाचा.