डाव्या कुशीवर

गाठ साधी निघाली, हे आधीच सांगून टाकतो. रिपोर्टची वाट बघत वाचू नका. मला सांगायचंय ते मी बायकोपासून काय लपवलं त्याबद्दल.

शौचातून रक्त जात होतं. सकाळी संडासात उशीर लागला की ती बाहेरून विचारायची, "अहो, बरं आहे ना?" मी म्हणायचो, "ॲसिडिटी." माझ्या त्या ॲसिडिटीसाठी नवरात्रात ती दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून सप्तशृंगीच्या गडावर गेली. प्रसाद आणून माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला आणि गप्प राहिलो. का, ते अजून नीट सांगता येत नाही. बोललो की खरं होईल, असं वाटायचं बहुतेक.

होळीच्या सुमारास डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे मागून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघायचं. आदल्या दिवशी फक्त गाळलेलं पातळ प्यायचं, संध्याकाळी पोट साफ करायचं औषध. घरी काय सांगणार? म्हटलं, देवीचा उपवास धरलाय. ती इतकी हरखली की ताट भरून साबुदाण्याची खिचडी केली, वर दही. खाल्ली मी. संध्याकाळी डब्याच्या पिशवीतल्या बाटलीतून गुपचूप औषध प्यालो. संडासाच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा म्हणालो, "दाणे खवट असतील." तिनं दाण्यांचा अख्खा डबा कचऱ्यात उपडा केला.

सकाळी सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला जातो म्हणून निघालो, तो थेट हॉस्पिटलात.

"सोबत कोण आहे?" सिस्टरनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग झोपेचं औषध नाही देता येणार, काका. जागेपणीच करावं लागेल."

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. खोली गार, अर्धवट अंधारी. डॉक्टर आत हवा कमी आणि कोमट पाणी जास्त सोडत होते. त्यानं कळ कमी येते म्हणाले. सिस्टरचा तळवा माझ्या पोटावर. "श्वास सोडा हळू. वारा सुटला तर सुटू द्या, इथं कुणी लाजत नाही." पडद्यावर गुलाबी, ओला बोगदा सरकत होता. तो माझ्यातलाच आहे हे पटेना. झोपेत एसटी भलत्याच गावात येऊन थांबावी, तसं वाटत होतं. मग त्या बोगद्यात पांढुरके कण तरंगायला लागले.

"काल काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मग हे शेंगदाणे काय माझे?"

सिस्टर हसली. "सर, काकांनी उपवास केला वाटतं."

धुवायला आणखी पाणी, आणखी वेळ. एका वळणावर अशी कळ आली की मी पलंगाचा कठडा धरून "आई गं" म्हणालो. डॉक्टर लगेच थांबले. "बास. छळून नाही करायचं. पोट नीट साफ करून या, आणि कुणाला तरी सोबत आणा."

संध्याकाळी घरी ती कणीक मळत होती. दाराशी उभं राहून सांगितलं, संक्रांतीपासून रक्त जातंय. तिथंही थोडं कमीच सांगितलं. तिनं कणकेचे हात परातीच्या कडेला पुसले. मग म्हणाली, "म्हणजे दाणे चांगले होते?"

पुढचे दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण मुगाचं पाणी फडक्यातून गाळलं, शहाळं आणलं, औषध फ्रीजमध्ये थंड करून दिलं. "नाक धरा नि प्या. मला फसवायला जमलं, हे पण जमंल."

या वेळी ती बाहेर थांबली होती, म्हणून शिरेतून झोपेचं औषध गेलं. तीच कूस, तोच तळवा. मग वारा पडलेल्या धरणाच्या पाण्यावर कुणीतरी अलगद सोडून द्यावं तसा मी दूर गेलो. गाठ कधी सापडली, कधी काढली, कळलंही नाही.

जाग आली, पण पुरती नाही. पडद्यापलीकडं ती कुणा पेशंटच्या बायकोला सगळं सांगत होती. रक्त, खिचडी, बाटली. एरवी मी लाजेनं मेलो असतो. आता तिचा आवाज अंगावरून कोमट पाण्यासारखा जात होता.

"संक्रांतीपासून चाललंय बघा," ती म्हणाली. "लय सोसलं बिचाऱ्यांनी."

त्या 'बिचाऱ्यांनी'वर मात्र मला राहवेना. जीभ जड होती, तरी पडद्याकडं तोंड करून म्हणालो, "संक्रांत नाही. नवरात्राच्याही आधीपासून. तू गड चढलीस तेव्हा मला माहीत होतं."

पडदा सरकला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले नाहीत.