बिनवासाच्या बिबड्या

धुळ्याच्या स्टँडवर मला सोडायला गावाहून माझे वडील, आबा, एकटेच आले होते. माय आली नाही, कारण गल्लीत त्या दिवशी आमच्या घरच्या बिबड्यांचं काम होतं आणि भिजवलेली ज्वारी कुणासाठी थांबत नाही. आमच्या घराण्यातली बी.कॉम. झालेली मी पहिली, पुण्याला नोकरीला निघालेली. आबांनी बॅग वर टाकली, खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "आठे काय शे? जाय तू."

बरीच वर्षं मी ते खरं मानलं. खरंच, गावात आहे काय? आता पुण्यातले लोक मला ते समजावून सांगतात.

आमच्या सोसायटीत मृणालताई राहतात. त्यांनी एक ग्रुप काढला, छोट्या उत्पादकांकडून थेट आणि अस्सल खायचं म्हणून. मॉलमधून परत येताना ग्रुपमधल्या बायका गाडीतच थेट शेतकऱ्याकडून घेण्याबद्दल बोलतात. मी डब्यात बिबडी नेते हे त्यांना कळलं आणि माझा भाव एकदम वाढला. तोवर लिफ्टमध्ये त्यांनी मला नाव विचारलं नव्हतं.

ज्यांनी बिबडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून आंबवायची, धुऊन वाळवून दळायची, मग लसूण, मिरची, तीळ घालून मोठ्या पातेल्यात त्या पिठाचा दाट घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर हाताने पातळ थापून कडक उन्हात खाटेवर वाळवायचा. खाताना भाजायची, सोबत शेंगदाण्याचं कच्चं तेल. तिला आंबूस वास असतो. असायलाच पाहिजे. आमच्याकडे कुणाच्या दारात ज्वारी भिजली आहे ते गल्लीच्या तोंडाशीच कळतं, आणि ज्या घरची असेल तिथे बाकीच्या बायका न बोलावता जाऊन बसतात.

पहिल्या वर्षी ग्रुपने भरपूर मागवल्या. मायने गल्लीतल्या चौघींना हाताशी घेतलं. त्यात आमच्या शेजारची लीलाकाकू. त्या उन्हाळ्यात चौघी दुसऱ्याच्या शेतात कामाला गेल्या नाहीत, सावलीत बसून स्वतःचं काम केलं. लीलाकाकू तर म्हणे सगळ्यांना सांगत होती की आमचा माल पुण्याला जातो, तुमच्या पोरांसारखा नुसता शिकायला नाही.

मग मागण्या सुरू झाल्या. मायचा फोटो हवा, नऊवारीत, चुलीपुढे. माय आयुष्यात पाचवारीच नेसली आणि सकाळचा चहा गॅसवर करते. तसा फोटो ताईंना चालेना, त्यात म्हणे गोष्ट नाही. पाकिटाला सुतळी बांधा. आकार सारखे ठेवा. बिबडी हे नाव मुलांना आवडत नाही, ज्वारी क्रॅकर म्हणू या. या लोकांना शेतकरी हवा, पण कॅलेंडरवरचा.

आणि आपली खान्देशी मंडळी? त्यांच्याबद्दल तरी चांगलं कशाला बोलू? हिवाळ्यात भरिताचे फोटो टाकून डोळे पुसणारे हेच, आणि मला म्हणणार, "तू गावाला जातेच आहेस, एक पिशवी आण ना, घरचंच तर आहे." घरचं म्हणजे फुकटचं. निदान मृणालताई पैसे तरी देत होत्या.

दुसऱ्या वर्षी ताईंनी पाकिटावरचा नंबर पाहून थेट मायला फोन लावला. सगळं छान आहे, फक्त वास नको. मायला वाटलं, शहरातली पोटं नाजूक असतील. तिने एक घाणा न आंबवता केला. पांढऱ्या, सारख्या, कशाचाही वास नसलेल्या. पुण्यात त्या पोचल्या आणि ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला. आता कुठे खरी गावची चव लागली, असं एकीने लिहिलं. मी एक भाजून खाल्ली. खोकं भाजून खाल्लं असतं तरी चाललं असतं.

घरी उरलेल्यांतली एक मायने आबांपुढे ठेवली. आबांनी एक तुकडा तोंडात घातला आणि तेलाची वाटी बाजूला सरकवली.

पुढची मोठी मागणी याच बिनवासाच्या बिबड्यांची होती. लीलाकाकूचं म्हणणं सरळ होतं. त्यांना तेच आवडतं तर तेच द्या, मेहनत कमी, आपल्या बापाचं काय जातं. चुकीचं नव्हतं ते. नाही म्हटलं तर चौघींना पुन्हा रानात जावं लागणार होतं. मायने मला फोन केला आणि म्हणाली, "हाई मन्ही बिबडी नही. मन्ह नाव लेऊ नको."

मी ग्रुपवर लिहिलं की आंबवलेलीच मिळेल, हवी त्यांनी सांगा. मृणालताईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की गावच्या लोकांना मार्केट समजत नाही, तू तरी शिकलेली आहेस. हो, शिकले आहे. म्हणूनच मला कळतं की तुम्हाला उत्पादक नको आहे, तुमच्या आवडीवर गावाचा शिक्का मारून देणारा माणूस हवा आहे.

पुण्यातली तीनच घरं गिऱ्हाईक राहिली. बाकी माल धुळ्यातल्या दोन शिक्षिका आणि पारोळ्यातले काही लोक दारात येऊन नेतात, पाकीट उघडून आधी वास घेतात. चौघींपैकी दोघी पुन्हा रानात जातात. लीलाकाकू मायशी महिनाभर बोलली नाही, पण ज्वारी भिजली तशी आपली पाटी घेऊन येऊन बसली.

यंदा चैत्रात रजा टाकून मी गेले. पाहुणी म्हणून बसायला मिळेल ही आशा नव्हतीच. मायने पुढ्यात ओलं कापड अंथरलं. माझा घाटा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटका. लीलाकाकूने पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पुनामा जाईसन हात आखडी गयात का वं?" बायका हसल्या. मायसुद्धा.

संध्याकाळी मायने माझ्या बिबड्या वेगळ्या खाटेवर काढल्या. मी विचारलं तर म्हणाली, या विकायच्या नाहीत, घरात खाऊ. माझं घर आता त्या खाटेएवढंच उरलं आहे, आणि ते मला पुरतं.