रोमच्या फौजेचा तिसरा रस्ता

पायल मनवर इतिहास घेऊन बी.ए. झाली ते साल २००६. दिग्रसच्या बाजारात कापसाच्या गाड्या निम्म्यावर आल्या होत्या आणि तिची माय रुखमाबाई सरकी काढायच्या ज्या जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायची, ते जिनिंग महिन्यातले दहा-बारा दिवस बंदच असायचं. पायलला मास्तरीण व्हायचं होतं. बी.एड.ला नंबर लागला नाही, म्हणून ती आर्णी रोडवरच्या सलीलच्या नेट कॅफेत बसायला लागली. सलील हा तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या अनंतरावांचा मुलगा. त्यानं पाच कॉम्प्युटर मांडले होते, पण त्याचं अर्धं लक्ष स्पर्धा परीक्षांत होतं. कॅफे चालवायची ती पायलच.

त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला मुंबई-दिल्लीचे पत्रकार जिल्ह्यात फिरत आणि बातमी पाठवायला तिच्याकडे येत. एकीनं तिला विचारलं होतं, "इथं कोणी हसतं का गं?"

"हसतो ना," पायल म्हणाली. "तुमच्यासमोर नाही हसत."

दुपारी भारनियमन सुरू झालं की गिऱ्हाईक उठून जाई. इन्व्हर्टरवर एकच मशीन चाले, आणि त्यावर सलीलनं कधीतरी टाकलेला प्राचीन रोमचा खेळ होता. नगरं बांधायची, फौजा उभ्या करायच्या, मुलूख जिंकायचा. इतिहासाच्या नादानं पायल एक दिवस बसली आणि मग रोजच बसू लागली. महिनाभरात खेळातल्या एका गोष्टीवर तिचं डोकं अडकलं. सुरुवातीला रोमच्या फौजेत फक्त जमीनवाले शिपाई. हत्यार ज्याचं त्यानं आणायचं. पुढं राजधानीत मोठा वाडा बांधला की आपोआप जाहीर होई : सैन्यात सुधारणा झाली. जुने शिपाई गायब, आणि सगळीकडे नवे, बिनजमिनीचे, सरकारी हत्यारांचे. खेळणाऱ्याला कोणी विचारतच नसे.

"एवढी मोठी गोष्ट, अन् पुसत नाही काय कोनाले?" तिनं सलीलला म्हटलं.

"खेळ आहे पायल. तुला नको असेल तर वाडा बांधू नको."

हे उत्तर तिला पटलं नाही. खेळाच्या फोल्डरमध्ये ती शिरली तेव्हा तिला दिसलं की कुठल्या इमारतीतून कुठला शिपाई निघतो हे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलं आहे. प्रोग्रॅमिंगचा एक तासही ती शिकलेली नव्हती. पण फाईल वाचता येते तर बदलताही येईल, असा तिचा हिशेब. एक स्वल्पविराम चुकला की खेळ काही न सांगता बंद पडे. मग ती फाईल अर्धी कापी, अर्धी चालवून बघे, पुन्हा अर्धी कापी, असं करत चूक गाठी. चार महिन्यांनी तिनं सुधारणा वाड्यापासून तोडली आणि एका नव्या इमारतीला जोडली. भरतीघर बांधलं त्या नगरात नवं सैन्य. नाही बांधलं तर जुनंच. पोरीनं इतिहासाला विचारायला लावलं होतं, हो की नाही.

त्या दिवशी घरी भाकरी थापताना रुखमाबाईनं विचारलं, "एवढी खूश काहून आहे?"

पायलनं सगळं सांगितलं. माय शाळेत गेलेली नव्हती, पण तिला गोष्ट ऐकता येत असे.

"म्हंजे ज्याच्यापाशी वावर नाही त्याले फौजेत घेतच नव्हते?"

"नव्हते घेत. मंग एका सेनापतीनं घेतलं. खायाले देल्लं, हत्यार देल्लं. म्हातारपनी जमीनही द्याचा."

"देयाचा कोन? राज्य का तो सेनापती?"

"सेनापती."

रुखमाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग ते लोकं त्याचेच झाले ना. पह्यले जमीनवाल्याचं ऐकत, मंग सेनापतीचं. कायद्यानंच जमीन देल्ली असती त कोनाचं मिंधं राहाची गरज नव्हती."

पायल हातातला घास तसाच धरून बसली. तिनं बदललेल्या खेळात दोनच रस्ते होते. मायनं तिसरा दाखवला होता.

हा तिसरा रस्ता बनवायला तिला वर्ष लागलं. बिनजमिनीचा माणूस फौजेत येईल. त्याला तयार करायला दुप्पट वेळ लागेल. सोळा खेळ्यांनंतर तो निवृत्त होईल आणि राज्य त्याला जमीन देईल, सेनापती नव्हे. मध्ये व्होल्टेज वाढून हार्ड डिस्क जळाली. पण पायलनं प्रत्येक ओळ वहीत हातानं लिहून ठेवली होती. तीन आठवडे बसून तिनं सगळं पुन्हा टाईप केलं.

२००८ च्या दिवाळीनंतर तिनं हे काम या खेळाच्या जगभरच्या चाहत्यांच्या फोरमवर टाकलं. तिथं एक गट या खेळाची मोठी, नवी आवृत्ती तयार करत होता. त्यात शब्द चालायचा ओरेस्तेचा. तो इटलीतला निवृत्त शाळामास्तर, रोमच्या फौजेबद्दल त्याला माहीत नाही असं काही नसावं. त्यानं लिहिलं : पहिले दोन रस्ते ठीक. तिसरा हे स्वप्न आहे. असं सैन्य कधीच टिकलं नसतं.

पायलनं डिक्शनरी पुढ्यात घेऊन उत्तर लिहिलं. "कोणी करून पाहिलं नाही, म्हणून टिकलं नसतं असं म्हणता येत नाही. आपण करून पाहू."

ओरेस्ते सरळ माणूस होता. त्यानं पैज घेतली. एकच नकाशा, एकच साल, शंभर खेळ्या. तो खऱ्या इतिहासाच्या रस्त्यानं जाणार, ती तिसऱ्या. बाकी नियम मूळ खेळाचेच. दर दहा खेळ्यांनी दोघांनी आपापली फाईल सगळ्यांसमोर टाकायची. ज्याच्या हाती जास्त प्रांत, तो जिंकला. ती जिंकली तर तिसरा रस्ता मोठ्या आवृत्तीत जाणार.

साठाव्या खेळीला ओरेस्तेकडे एकतीस प्रांत होते आणि पायलकडे एकोणीस. फोरमवर लोक तिला समजुतीच्या सुरात लिहू लागले. मग ओरेस्तेचे सेनापती फिरले. त्यांच्या फौजा त्यांच्याच होत्या, राज्याच्या नव्हत्याच; दोघांनी बंड केलं आणि नऊ प्रांत तोडून नेले. पायलचा एकही सेनापती फिरला नाही. तिची गाडी हळू पण नीट पुढं सरकत होती.

चौऱ्याऐंशीव्या खेळीला तिच्यावर पाळी आली. उत्तरेच्या सीमेवरच्या चौदा पलटणींतले शिपाई एकदमच निवृत्त झाले. नियम तिनंच केलेला. सीमा उघडी पडली आणि नदीपलीकडून तीन टोळ्या उतरल्या. नवं सैन्य उभं व्हायला आठ खेळ्या हव्या होत्या. टोळ्या दोन खेळ्यांवर होत्या.

तेव्हा कॅफेत पूनमसिंग राठोड बसले होते. तांड्यातले रिटायर हवालदार, बावीस वर्षं फौजेत. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांना मेल लिहायला यायचे आणि मग पायलचा खेळ बघत थांबायचे.

"काका, हारली मी," पायल म्हणाली.

"कोन्ती फौज गेली?"

"गेली नाही. रिटायर झाली."

पूनमसिंगांनी खुर्ची पुढं ओढली. "बेटी, मी रिटायर झालो म्हणून का मले बंदूक धरता येत नाही? त्यायले जमीन कुठं देली तू?"

"इटलीत. राजधानीजवळ."

"सगळ्यायले?"

पायलनं नकाशा सरकवून पाहिलं. नाही, मागच्या वीस खेळ्यांत राजधानीजवळ जागा उरली नव्हती, म्हणून तिनं चार वसाहती नदीच्या अलीकडे बसवल्या होत्या आणि विसरून गेली होती.

"मंग तेच तुही फौज," पूनमसिंग म्हणाले. "ज्याचं घर तिथं आहे तो तिथून हटत नाही. बोलाव त्यायले."

मूळ खेळात नगरावर संकट आलं की नगरवासीयांची तुकडी एका खेळीत उभी करता येई. पायलनं ती कधी वापरली नव्हती, कारण साधे नगरवासी कच्चे असतात. हे मात्र सोळा-सोळा खेळ्या लढलेले होते. चारही वसाहतींतून तुकड्या निघाल्या. नदीच्या उतारावर लढाई लागली तेव्हा इन्व्हर्टर टूं-टूं करू लागला. सलीलनं दिवा बंद केला, पंखाही बंद केला आणि तोही मागं येऊन उभा राहिला. पायलनं पहिली रांग मागं घेतली, टोळ्या उतारावरून खाली ओढून आणल्या, आणि पूनमसिंगांनी हात वर केला तेव्हाच राखीव तुकड्या बाजूनं सोडल्या. तिन्ही टोळ्या पाण्यात मोडल्या. तिनं फाईल जतन केली आणि मशीन बंद पडलं.

शंभराव्या खेळीला पायलचे चौतीस प्रांत होते, ओरेस्तेचे एकोणतीस.

फोरमवर कोणी म्हणालं, नियम तिच्या सोयीचे होते. त्याला उत्तर ओरेस्तेनंच दिलं. तिच्या सगळ्या फायली त्यानं पहिल्यापासून खेळून पाहिल्या होत्या. त्यानं लिहिलं : "उलट, नियम माझ्या सोयीचे होते; त्यांचा शिपाई तयार व्हायला दुप्पट वेळ लागत होता. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की जे घडलं तेच घडू शकत होतं. दिग्रसच्या बाईंनी माझी चूक दाखवली. तिसरा रस्ता आवृत्तीत जाईल. त्याची कलमं त्यांनीच लिहावीत."

नवी आवृत्ती २००९ च्या उन्हाळ्यात आली. पहिल्याच महिन्यात ती चाळीस हजार लोकांनी उतरवून घेतली. पुढच्या वर्षी पुण्याच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीनं पायलला बोलावलं. मुलाखतीत त्यांनी डिग्री विचारली नाही. तिचीच फाईल पडद्यावर उघडली आणि म्हणाले, हे कसं केलं ते सांगा. ती दीड तास बोलली.

आवृत्ती आली त्या दिवशी मात्र ती दिग्रसमध्येच होती. जिनिंगची सुट्टी झाल्यावर तिनं रुखमाबाईला कॅफेत आणलं आणि खुर्चीत बसवलं. पडद्यावर नावं वर सरकत होती, कुठकुठल्या देशांची.

"यात तुहं कोन्तं?"

पायलनं बोट ठेवलं. मग अक्षर अक्षर वाचून दाखवलं : तिसरा रस्ता. कल्पना, रुखमाबाई मनवर. रचना, पायल रुखमाबाई मनवर. दिग्रस.

रुखमाबाईनं पदरानं हात पुसले आणि पडद्यावरच्या आपल्या नावाला हलकेच बोट लावलं.

"पह्यलं माहं काहून लिवलं?"

"पह्यले तूच सांगतलं ना, माय."

बाजूच्या खुर्चीतून पूनमसिंग म्हणाले, "बरोबर आहे बहीन. हुकूम तुमचाच होता." आणि सलील समोरच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी चहा सांगायला बाहेर पडला.